पंख्याच्या विमानाचा उतरतानाचा अपघात: जुनी नोंद कशी वाचावी

गेल्या श्रावणात इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका ज्येष्ठ परिचितांनी मला त्यांच्या वडिलांच्या ट्रंकेतील एक छायाचित्र दाखवले. तपकिरी पडलेल्या त्या कागदावर एक डकोटा विमान, म्हणजे पंख्याच्या दोन इंजिनांचे जुने विमान, गवतात पोटावर बसलेले होते, समोर अर्ध्या विजारीतले दोन शिपाई उभे होते, आणि मागील बाजूस शाईने ‘इंदूर. दोन्ही इंजिने बंद पडली. सर्व सुखरूप’ एवढाच मजकूर होता. घरातील सर्वांनी पन्नास-साठ वर्षे ही तीन विधाने खरी मानली होती. त्यांपैकी दोन खरी नसावीत, हे त्या छायाचित्रातच दिसत होते. ते कसे दिसले हे सांगण्याच्या निमित्ताने, पंख्याच्या जमान्यातील प्रवासी विमानाच्या उतरतानाच्या अपघाताची जुनी नोंद, मग ती कात्रण असो, छायाचित्र असो वा छापील चौकशी अहवाल, कशी वाचावी याची मला उपयोगी पडलेली पद्धत येथे मांडत आहे.

सर्वांत आधी एक सवय मोडावी लागते. अपघात म्हटला की आपण ‘कारण काय?’ असे एकवचनात विचारतो, आणि बहुतेक जुन्या बातम्या ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळ्या होतात. उतरतानाच्या अपघातात प्रत्यक्षात तीन निराळे प्रश्न असतात. विमान जेथे टेकायला हवे होते तेथे का टेकले नाही, जेथे टेकले तेथे ते कशामुळे मोडले, आणि मोडल्यावर आतील माणसे का दगावली किंवा कशामुळे वाचली. या तिन्हींची उत्तरे क्वचितच एक असतात, म्हणून कोरा कागद घेऊन त्यावर तीन रकाने आखावेत आणि हाती येणारा प्रत्येक तपशील त्यांपैकी एकातच लिहावा.

हे किती उपयोगाचे आहे ते एका अपघातावरून पाहू. १३ मार्च १९५४ रोजी सिडनीहून लंडनकडे निघालेले ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान जकार्ताहून सिंगापूरच्या कालांग विमानतळावर उतरत होते. ते धावपट्टीच्या थोडे अलीकडे खाली आले आणि समुद्राच्या बाजूने बांधलेल्या भिंतीवर आदळले. चाकांच्या आधाराला आणि इंधनाच्या टाकीला इजा झाली, पंख तुटला, विमान उलटे झाले आणि पेटले. विमानातील ४० जणांपैकी ३३ जण मरण पावले. ३१ प्रवाशांपैकी एकही वाचला नाही, मात्र ९ कर्मचाऱ्यांपैकी ७ वाचले. बातमीचा मथळा म्हणून ‘विमान आखूड पडले’ हे खरेच आहे. परंतु पहिल्या रकान्यात लिहिण्याजोगी गोष्ट अशी की मुख्य वैमानिक साडेएकवीस तास कामावर होता. दुसऱ्या रकान्यात ती भिंत येते, कारण धावपट्टीच्या तोंडाशी उभी भिंत नसून नुसता उतार असता तर तीच चूक कदाचित एका जोरदार हिसक्यावर निभावली असती. तिसऱ्या रकान्यात विमानतळावरील अग्निशमन आणि बचाव यांची अवस्था येते, जिच्यावर सिंगापुरात झालेल्या सार्वजनिक चौकशीत कठोर टीका झाली. प्रवाशांपैकी कोणीही नाही आणि कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक वाचले, ही विषम आकडेवारीच सांगते की माणसे केवळ आदळल्यामुळे गेली नाहीत. मरणाऱ्यांची एकूण संख्या पाहून थांबू नये, तर कोण कोठे बसला होता आणि त्यांपैकी कोण वाचला, हे पाहावे. जुन्या बातमीत मृतांची आणि जखमींची यादी दिलेली असते आणि आपण ती ओलांडून पुढे जातो, पण तिसऱ्या रकान्याचा निम्मा मजकूर त्या यादीतच असतो.

घड्याळ, मैल आणि विमानाची ओळख

नोंदीचे वाचन सुरू करताना प्रथम वेळ निश्चित करावी, कारण अपघात दिवसाउजेडी झाला की अंधारात, यावर पुढची अर्धी चर्चा अवलंबून असते. चौकशी अहवालांत वेळ बहुधा ग्रीनिचची असते आणि तिच्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते. एवढे ठाऊक असूनही मराठी वाचक हमखास फसतो तो मुंबईच्या जुन्या वृत्तपत्रांत. १९५५ पर्यंत मुंबईत स्वतःची निराळी वेळ पाळली जात असे आणि ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. कोलकात्याची वेळ १९४८ पर्यंत प्रमाणवेळेच्या २४ मिनिटे पुढे होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे केलेली होती. संध्याकाळी पावणेसातला झालेल्या अपघाताबाबत ३९ मिनिटांचा फरक म्हणजे संधिप्रकाश आणि काळोख यांतला फरक. बातमी कोणत्या शहरातून निघाली आणि कोणत्या शहरात छापली गेली, हे दोन्ही म्हणूनच टिपून ठेवावे.

अंतराचेही तसेच आहे. वैमानिकाचा मैल सागरी, म्हणजे १,८५२ मीटरचा असतो. वार्ताहराचा मैल रस्त्याचा, सुमारे १,६०९ मीटरचा असतो. ‘धावपट्टीपासून दोन मैलांवर’ हे वाक्य कोणाच्या तोंडचे आहे, यावर नकाशावरील खूण जवळजवळ अर्धा किलोमीटर सरकते.

विमानाची ओळख नोंदणीच्या अक्षरांवरून पटवावी. भारतीय विमानांची अक्षरे ‘व्हीटी’ने सुरू होतात. परंतु डकोटांच्या बाबतीत एवढ्यावर विसंबू नये, कारण त्या विमानाच्या लष्करी आवृत्त्या युद्धकाळात दहा हजारांहून अधिक बांधल्या गेल्या, युद्धानंतर त्यांतील पुष्कळ स्वस्तात विकल्या गेल्या, आणि एकच विमान तीन-चार नावांनी आणि नोंदणी-अक्षरांनी फिरलेले आढळते. कारखान्याने दिलेला क्रमांक मात्र बदलत नाही. तो मिळाला तर तोच धरावा.

रामबागेतील छायाचित्रात शेपटीजवळ ‘व्हीटी’ ही दोनच अक्षरे दिसत होती. पुढची शिपायांच्या आड गेली होती. ही दोन्ही रोमन अक्षरे आरशातही तशीच दिसतात, पण त्यांचा क्रम उलटतो, आणि येथे क्रम बरोबर होता. म्हणजे निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापा काढलेला नव्हता आणि डावे इंजिन खरोखर डावेच होते. ही खातरजमा किरकोळ वाटते, पण ती न करता मी एकदा संपूर्ण एक रविवार चुकीच्या इंजिनाचा दोष शोधण्यात घालवला आहे.

उंचीमापक काय म्हणत होता

आता पहिल्या रकान्याकडे वळू. पंख्याच्या जमान्यात विमान धावपट्टीच्या अलीकडे जमिनीला लागल्याचे वाचनात आले, तर पहिला प्रश्न वैमानिकाच्या धाडसाविषयी विचारू नये, उंचीमापकाविषयी विचारावा. हे यंत्र उंची मोजतच नाही, ते हवेचा दाब मोजते आणि तबकडीवर तो फुटांत दाखवते. दाब रोज बदलतो, म्हणून वैमानिकाने विमानतळाकडून त्या क्षणाचा दाब विचारून यंत्रातील लहान खिडकीत तो आकडा बसवायचा असतो. दाब दोन प्रकारे सांगितला जातो. एका पद्धतीत यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते, दुसरीत त्याच धावपट्टीपासूनची. पहिली पद्धत वापरली तर इंदूरच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानात काटा सुमारे १,८५० फुटांवर असतो, दुसरी वापरली तर शून्यावर. अहवालात ‘उंची ६०० फूट’ असे वाचले की कोणत्या पद्धतीने, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वडोदऱ्याहून इंदूरला येणाऱ्या विमानाची कल्पना करून पाहावी. वडोदऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर, म्हणजे सव्वाशे-दीडशे फूट उंच आहे. तेथे धावपट्टीवर शून्य दाखवेल असा बसवलेला आकडा वैमानिकाने तसाच ठेवला आणि तो माळव्याच्या पठारावर आला, तर विमानाची चाके इंदूरच्या जमिनीला लागतील तेव्हाही काटा सुमारे १,७०० फूट दाखवत असेल. उलट दिशेने जाताना हीच विसर विमानाला गरजेपेक्षा वर ठेवते. म्हणून प्रवासाची दिशा नोंदवल्याशिवाय ‘दाब बदलायचा राहिला’ या विधानाला काही अर्थ नाही. लहान चुकांसाठी ढोबळ हिशेब असा की खिडकीतील आकडा १० मिलिबारने जास्त बसला तर यंत्र सुमारे २८० फूट जास्त उंची दाखवते. रात्री, ढगात, शेवटच्या दोन मैलांत २८० फूट म्हणजे झाडांचे शेंडे.

तबकडीची रचनाही पाहावी. त्या काळच्या पुष्कळ उंचीमापकांवर घड्याळासारखे तीन काटे असत, एक शेकड्यांचा, एक हजारांचा आणि एक दहा हजारांचा. सर्वांत महत्त्वाचा, दहा हजारांचा, दिसायला सर्वांत क्षुल्लक होता. १९५८ या एकाच वर्षात ब्रिटनमध्ये दोन विमाने यामुळे जमिनीला लागली. एप्रिलमध्ये स्कॉटलंडात प्रेस्टविककडे उतरत जाणारे एक व्हायकाउंट, आणि २४ डिसेंबरला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ चाचणी उड्डाणावरून परतणारे एक ब्रिटानिया, ज्यात १२ पैकी ९ जण गेले. दोन्ही वेळा उंची १०,००० फुटांनी चुकीची वाचली गेली होती. अशा वेळी ‘वैमानिकाने काटा चुकीचा वाचला’ एवढे लिहून रकाना बंद करू नये. काटा तसा का बनवला होता, हेही त्याच ओळीत यावे.

नवे यंत्र आले म्हणून गोंधळ संपला असेही नाही. ३ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उतरणारे अमेरिकन एअरलाइन्सचे नवेकोरे इलेक्ट्रा विमान धावपट्टीपासून सुमारे ४,९०० फूट अलीकडे ईस्ट रिव्हरमध्ये पडले आणि ७३ पैकी ६५ जण मृत्यू पावले. चौकशी मंडळाने विमान वेळेआधी खाली आल्याचा निष्कर्ष काढला आणि त्यामागे त्या प्रकारच्या विमानाचा वैमानिकांना असलेला अल्प अनुभव, स्वयंचलित यंत्रणेचा सदोष वापर, मुख्य वैमानिकाच्या उंचीमापकातील चुकीचा आकडा, उतरण्यास जेमतेम पुरेसे हवामान आणि यंत्रे चुकीची वाचली जाण्याची शक्यता अशा अनेक गोष्टी एकत्र मांडल्या. वैमानिकांच्या संघटनेने तो निष्कर्ष मान्य केला नाही. जेथे असा वाद आहे तेथे दोन्ही बाजू लिहाव्यात आणि कोणती गोष्ट मोजलेली आहे व कोणती तर्काने काढलेली आहे, हे शाईच्या दोन रंगांनी वेगळे दाखवावे.

उन्हाळ्यातील धावपट्टी आखूड का होते

विमान धावपट्टीच्या पलीकडे गेले असेल तर वारा आणि उष्णता यांचा हिशेब करावा. वाऱ्याची दिशा नेहमी तो जिकडून येतो तिकडची सांगितली जाते. ‘२७० अंश’ म्हणजे पश्चिमेचा वारा. धावपट्टीच्या क्रमांकाला दहाने गुणले की तिची दिशा मिळते. दोन्ही कागदावर बाणांनी काढली की वारा समोरून होता, पाठीमागून होता की आडवा, हे शब्दांपेक्षा लवकर कळते. समोरचा वारा विमानाचा जमिनीवरील वेग कमी करतो, पाठीमागचा तो वाढवतो, आणि थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

उष्णतेचा परिणाम वृत्तपत्रात कधीच नसतो, म्हणून तो स्वतः काढावा लागतो. इंदूरला वैशाखात पारा ४२ अंशांवर गेला असेल तर तेथील हवा प्रमाणित वातावरणातील, म्हणजे हिशेबासाठी गृहीत धरलेल्या सरासरी हवामानातील, सुमारे ५,५०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. प्रमाणित तापमान तेथे सुमारे ११ अंश असायला हवे. जादा असलेल्या प्रत्येक अंशाला ढोबळमानाने १२० फूट धरून ते विमानतळाच्या उंचीत मिळवले की हा आकडा येतो. वैमानिकाचा वेगमापक नेहमीचाच आकडा दाखवतो, पण विरळ हवेत त्याच आकड्याला प्रत्यक्ष वेग जास्त असतो, आणि चाके टेकताना विमानात साठलेली गतिज ऊर्जा समुद्रकाठच्या थंड दिवसापेक्षा सुमारे अठरा टक्क्यांनी अधिक असते. ती सगळी त्याच ब्रेकांना जिरवायची असते. अशा दिवशी वैमानिकाने नेहमीप्रमाणेच विमान टेकवले असूनही धावपट्टी संपू शकते.

जमिनीवरच्या खुणा आणि वाकलेली पाती

दुसरा रकाना भरण्यासाठी सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे पंखा. त्या काळच्या बहुतेक विमानांत संभाषण वा उड्डाणाची नोंद ठेवणारी पेटी नव्हती, त्यामुळे इंजिन चालू होते की बंद, हा प्रश्न चौकशी अधिकारी पात्यांकडे पाहून सोडवत असत, आणि चांगले छायाचित्र असेल तर तो आपल्यालाही सोडवता येतो. पंखा फिरत नसताना विमान पोटावर बसले, तर खालच्या बाजूला असलेले पातेच दुमडते आणि वरची सरळ राहतात. पंखा फिरत असेल तर तिन्ही पाती एकामागून एक जमिनीवर आपटतात आणि सारखीच वाकतात. इंजिन जोर देत असेल तर पाती हवेला धरून पुढे झेपावत असतात आणि त्यांची टोके बहुधा पुढे वळतात. जोर नसेल, नुसत्या वाऱ्याने पंखा फिरत असेल, तर ती मागे वाकतात. इंजिन बिघडल्यावर वैमानिक पाती अशी वळवून ठेवतो की त्यांची धार वाऱ्यासमोर येते आणि वाऱ्याचा अडथळा किमान होतो. अशा पंख्याकडे समोरून पाहिले तर रुंद पात्याऐवजी बारीक पट्टी दिसते.

रामबागेतील छायाचित्र समोरच्या बाजूने तिरपे घेतलेले होते. भिंगातून पाहिले तेव्हा उजव्या पंख्याचे एक पाते खाली दुमडलेले आणि वरची दोन सरळ, तीही बारीक पट्टीसारखी दिसत होती. ते इंजिन विमान टेकण्यापूर्वीच बंद करून पाती वळवून ठेवली होती, यात मला शंका वाटली नाही. डाव्या पंख्याची मात्र तिन्ही पाती वाकलेली होती आणि टोके पुढे वळलेली होती. ‘दोन्ही इंजिने बंद पडली’ हे विधान तेथेच गळून पडले. परिचितांनी भिंग माझ्या हातून घेऊन पुन्हा पुन्हा पाहिले आणि मग एवढेच म्हणाले, “म्हणजे दादांनी हे कोणाकडून तरी ऐकून लिहिले असेल.” मलाही तसेच वाटते. पाहून लिहिणारा माणूस सहसा एखादा निरर्थक तपशील लिहितो. ऐकून लिहिणारा निष्कर्ष लिहितो.

जमिनीवर पंख्याच्या कापांची मोजमापे अहवालात दिलेली असतील तर त्यांच्यावरून वेगही काढता येतो, आणि हा हिशेब शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. लागोपाठच्या दोन कापांतील अंतराला पात्यांच्या संख्येने आणि पंख्याच्या फेऱ्यांनी गुणायचे. डकोटाच्या ट्विन वॉस्प इंजिनात दातेचक्रे असतात आणि इंजिनाच्या १६ फेऱ्यांना पंखा ९ फेऱ्या करतो. इंजिन मिनिटाला २,०५० फेऱ्यांवर असल्याचे धरले तर पंखा सुमारे १,१५३ फेऱ्या करतो. काप ७६ सेंटिमीटर अंतरावर असतील तर ०.७६ गुणिले ३ गुणिले १,१५३, म्हणजे मिनिटाला सुमारे २,६२९ मीटर, अर्थात ताशी साधारण १५८ किलोमीटर किंवा ८५ नॉट (ताशी सागरी मैल). काप क्रमाने जवळ येत गेले असतील तर त्याचा अर्थ विमान वेग गमावत होते किंवा पंखा अजून जोरात होता; म्हणून पहिल्या तीन-चार कापांवरच हिशेब करावा, पुढचे सोडून द्यावेत.

चाकांविषयी डकोटाची एक खोड लक्षात ठेवावी. या विमानाची चाके वर ओढून घेतली तरी पूर्ण आत जात नाहीत, त्यांचा खालचा भाग बाहेरच राहतो. छायाचित्रात चाक दिसले म्हणून ते उतरवलेले होते असे समजू नये. याच रचनेमुळे पोटावर उतरलेले डकोटा अनेकदा पंखे आणि पोटाचा पत्रा बदलून पुन्हा उडवता येत असे.

दुसरी गोष्ट शेपटीच्या चाकाची. डकोटाला मुख्य दोन चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली असते, त्यामुळे विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे पडतो. हातगाडी पुढून ओढली तर ती मुकाट्याने मागे येते, पण मागून ढकलत नेताना जरा तिरपी झाली की आणखीच तिरपी होत जाते. जमिनीवर धावणाऱ्या डकोटाचे तसेच आहे: आडव्या वाऱ्याने शेपूट थोडी सरकली आणि पायातील सुकाणूने ती लगेच आवरली नाही, की विमान स्वतःभोवती गिरकी घेते. अशा अपघातात टायरची खूण आधी सरळ, मग हळूहळू वळत शेवटी आकडीसारखी झालेली असते आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पंखाचे टोक घासलेले असते. ब्रेक जास्त दाबला गेला तर शेपूट उचलली जाऊन नाक जमिनीला लागते. नाकचाक असलेल्या कॉन्स्टेलेशन वा व्हायकाउंटच्या अपघातात हे स्पष्टीकरण वापरू नये. ही चूक मी जाणकारांकडूनही ऐकली आहे.

आणि धावपट्टीबाहेरची माती पाहावी. माळव्याची काळी माती ज्येष्ठात दगडासारखी तडकलेली असते, तर भाद्रपदात तिच्यात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. एकाच वेगाने धावपट्टी सोडलेले विमान मे महिन्यात खडखडत थांबेल आणि ऑगस्टमध्ये नाकावर उभे राहील. मोडतोडीवरून वेगाचा अंदाज बांधण्यापूर्वी महिना पाहावा.

कधीकधी सगळ्या खुणा वैमानिकाकडे बोट दाखवतात आणि कारण मुठीत मावेल एवढ्या लोखंडात निघते. १४ मार्च १९५७ रोजी ॲमस्टरडॅमहून मँचेस्टरला उतरणारे व्हायकाउंट धावपट्टीच्या अलीकडे उजवीकडे वळत गेले, पंखाचे टोक जमिनीला लागले आणि ते घरांवर कोसळले. विमानातील सर्व २० आणि जमिनीवरील २ जण मृत्यू पावले. उजव्या पंखाच्या फ्लॅपचा (उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली वळवायच्या झडपेचा) एक भाग खालून धरून ठेवणारा, ९/१६ इंच जाडीचा बोल्ट धातूच्या थकव्याने तुटल्याचे चौकशीत आढळले. पाहणाऱ्यांना दिसले असेल ते फक्त एवढेच की विमान वळत गेले. प्रत्यक्षदर्शीचे म्हणणे म्हणून जसेच्या तसे नोंदवावे, पण त्याने काय पाहिले ते घ्यावे आणि त्याने काय अनुमान केले ते बाजूला ठेवावे.

कागद कोठे शोधावेत

भारतात अशा अपघातांची चौकशी दीर्घकाळ १९३७ च्या विमान नियमांखाली होत असे, आणि मोठ्या अपघातांसाठी न्यायालयासारखी औपचारिक चौकशी नेमली जात असे. स्वतंत्र अपघात अन्वेषण कार्यालय २०१२ नंतरचे आहे, त्यामुळे डकोटांच्या काळातील कागद तेथे मागत बसू नये. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ पासून निरनिराळ्या देशांतील अहवालांचे सारांश एकत्र छापण्यास सुरुवात केली. त्यांत भारतातील अपघातही सापडतात, आणि भाषा रूक्ष असली तरी वेळ, उंची आणि वारा यांचे आकडे तेथेच मिळतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर संस्थानी काळातील विमानतळांच्या फायलींचा शोध घेता येतो. १९५३ मध्ये आठ खासगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाल्यानंतरच्या अपघातांवर लोकसभेत प्रश्न विचारले गेले, आणि मंत्र्यांची उत्तरे सभागृहाच्या छापील कामकाजात आहेत. त्या उत्तरांत कारण थोडक्यात दिलेले असते, परंतु विमानतळावर पुढे काय बदलले ते मात्र सहसा तेथेच सापडते. इंदूरचा विचार करताना हेही ध्यानात ठेवावे की बिजासन टेकरीजवळचा हा विमानतळ होळकर संस्थानाचा होता आणि १९५० मध्ये तो केंद्र सरकारकडे गेला. त्यापूर्वीचे कागद संस्थानाच्या दप्तरात शोधावे लागतील.

वृत्तपत्र पाहताना पहिल्या दिवसाच्या बातमीवर थांबू नये. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा आणि विमानाचा प्रकार दोन्ही चुकलेले असतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी नावे येतात, आणि कित्येक महिन्यांनी आतल्या पानावर चार ओळींत चौकशीचा निष्कर्ष येतो. ग्रंथपालांकडे फाइल मागताना त्या तारखेपासून किमान वर्षभराची मागावी.

सर्व गोळा झाल्यावर टिपण लिहावे, आणि त्यात मूळ कागदावरील मजकूर एकही अक्षर न बदलता उतरवून त्याखाली स्वतःचे वाचन वेगळे द्यावे. मूळ छायाचित्रावर वा कात्रणावर पेनाने काही लिहू नये, चिकटपट्टी लावू नये, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवावे.

रामबागेतील छायाचित्रात विमानाच्या शेपटीमागे नारळाच्या झाडांची दाट रांग होती आणि तिच्याखाली वाळू दिसत होती. होळकरांच्या इंदुरात तसे दृश्य कोठे असेल असे मला वाटत नाही, आणि परिचितांनाही वाटले नाही. चाके का उतरवली नाहीत, हे ते छायाचित्र सांगत नाही. त्यांच्या वडिलांच्या तीन विधानांना आम्ही हात लावला नाही. पाकिटात एक वेगळी चिठ्ठी ठेवली, आणि तीवर पेन्सिलीने लिहिले: ‘स्थळ समुद्रकाठचे, इंदूर नव्हे. उजवे इंजिन आधीच बंद, डावे टेकेपर्यंत चालू. चाके वर. तारीख अद्याप अज्ञात. सर्व सुखरूप असल्यास उत्तम. शिपायांच्या चेहऱ्यांवरून तसे वाटते.’